मिटवून टाका म्हणतील, तू थांब

बयो, तुला आणि लेकराला काही लागलं नाही हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. गाडीचा पत्रा सरळ करता येतो. पण फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतीस, "ताई, चूक माझीच ठरली तर सगळं आपल्याच अंगावर येईल ना?" याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहायला बसले. तूही निवांत बसून वाच.

चूक कुणाची आणि आपल्या गाडीचा खर्च कोण देणार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भिसे खिंडीत अपघातानंतर जमलेल्या लोकांनी या दोन्ही प्रश्नांची खिचडी केली आणि तू घाबरलीस. तुमच्या गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी नाही, आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो तो आहे. त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वेगळा भाग असतो आणि तो भाग चूक कुणाची हे विचारत नाही. तू दारू प्यायली नव्हतीस, लायसन्स चालू आहे, गाडी घरच्याच वापरात होती, पॉलिसीची मुदत संपलेली नाही. मग वळणावर तू थोडी उजवीकडे गेली होतीस असं उद्या कुणी म्हटलं, तरी तुझ्या गाडीची दुरुस्ती तुझ्याच कंपनीने द्यायची असते. माणसाच्या हातून चूक होते म्हणूनच तर विमा घेतो आपण.

समोरच्याचाही फुल इन्शुरन्स असेल, तर त्याने त्याच्या कंपनीकडे जावं आणि तू तुझ्या. आपल्याकडच्या विमा कंपन्यांची आपसांत हीच जुनी रीत आहे. दोन्ही गाड्या विमा असलेल्या, कुणाला इजा नाही, तर ज्याने त्याने आपल्या ग्राहकाची गाडी दुरुस्त करून द्यायची. म्हणजे ज्या वादावरून तुला रात्री झोप लागली नाही, तो वाद पत्र्यापुरता बऱ्याच वेळा कुठे उभाच राहत नाही.

मग चूक ठरायला महत्त्व कधी येतं? कुणाला इजा झाली तर. समोरच्याने आपल्या नुकसानीची भरपाई तुझ्याकडून मागितली तर. तुझ्यावर पोलिसांत गुन्हा नोंदला तर. या तिन्ही वेळी खिंडीत तू काय बोललीस आणि कशावर सही केलीस, ते पुढे येतं. म्हणून त्या कागदाबद्दल आधी बोलू.

'माझ्या चुकीमुळे अपघात झाला, मी खर्च देईन' असं लिहून द्या म्हणून समोरच्या गाडीवाल्याने वहीचं पान पुढे केलं आणि तू सही केली नाहीस. फार शहाणपणाचं केलंस. आपल्या पॉलिसीच्या छापील अटींत एक अट आहे, बहुतेक लोक ती कधी वाचत नाहीत. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचं वचन द्यायचं नाही. समोरच्याचा दावा लढवायचा की मिटवायचा, हे ठरवायचा हक्क कंपनीचा असतो. तू रस्त्यावरच कबुली दिलीस, तर कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं. उलट बाजूनेही तेच. समोरचा म्हणाला, हे घ्या पाच हजार आणि 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून द्या, तर तेही कंपनीला विचारल्याशिवाय करू नकोस. चूक त्याची असेल तर त्याच्याकडून वसुली करायचा हक्क तुझ्या कंपनीला पुढे मिळू शकतो, आणि तू तो आधीच सोडून दिलास तर तुझाच क्लेम अडतो.

आपल्या भागात अपघात झाला की पाच मिनिटांत वीस माणसं जमतात. मदतीचे हातही त्यांतलेच असतात, हे मी विसरत नाही. गाडी बाजूला कुणी घेतली, पाणी कुणी दिलं, तू सांगितलंस मला. पण त्यांतलाच कुणी तरी न्यायाधीश होतो, आणि गाडीवर बाई असली की निकाल आधीच लागलेला असतो. 'बाई चालवत होत्या ना, मग...' हे वाक्य तुलाही ऐकावं लागलं. मला त्याचा संताप येतो, आणि तुलाही यायला हवा. अपघाताच्या वेळी त्या वळणावर त्यांतलं कुणीही नव्हतं. मोठ्या आवाजाने चूक सिद्ध होत नाही, आणि तू रडलीस म्हणून ती तुझीही ठरत नाही. अशा वेळी एवढंच म्हणायचं, "मी माझ्या बाजूने चढत होते, तुमची गाडी उतरत होती, वळणावर घासली. बाकीचं पोलीस आणि कंपनी बघतील." जे घडलं तेवढं सांगायचं, निवाडा द्यायचा नाही.

आता पुराव्याचं. वळणावर दोघंही म्हणतात 'तू माझ्या बाजूला आलास', आणि तिथे कॅमेरा नाही. मग बोलतो तो रस्ता. फुटलेल्या दिव्याच्या काचा कुठल्या बाजूला पडल्या, टायर घासल्याच्या खुणा कुठे सुरू झाल्या, मधली पांढरी रेघ दिसते की पुसली गेली, खड्डा कुणाच्या बाजूला होता, कडेला किती जागा उरली होती. तुझ्या गाडीचा उजवा दिवा, उजवा फेंडर आणि आरसा गेला. त्याच्या गाडीवर ओरखडा कुठून कुठपर्यंत आहे, तेही महत्त्वाचं. तू काढलेले फोटो मी पाहिले. जवळून काढलेले चांगले आहेत, पण दुरून, दोन्ही गाड्या आणि रस्त्याची दोन्ही टोकं दिसतील असे दोनच आहेत. ते जपून ठेव, मूळ फोटो पुसू नकोस, कारण वेळ त्यांतच नोंदलेली असते. उद्या दिवसाउजेडी जावईबापूंना घेऊन त्या वळणावर जा आणि रस्त्याची रुंदी, खड्डे, झाडी यांचे फोटो काढ. चढावर जागा अपुरी असेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, असा नियमच आहे. तू चढत होतीस. त्या ठिकाणी रस्ता खरंच अरुंद असेल, तर ही गोष्ट तुझ्या बाजूची आहे.

गाड्या थांबल्या कुठे, एवढ्यावरून मात्र कुणाला दोषी धरू देऊ नकोस. धडकेनंतर गाडी फिरते, घसरते. २०१३ मध्ये जिजू कुरुविला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आहे, की नुसत्या पंचनाम्यातल्या गाड्यांच्या जागेवरून, दुसरा आधार नसताना, निष्काळजीपणा ठरवता येत नाही.

पेण-वडखळच्या रस्त्यावर मात्र वेगळाच वाद होतो, तोही सांगून ठेवते, कारण श्रावणात तू पेणला येणारच. पनवेल ते इंदापूर या महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर वळसे, खड्डे, अचानक संपणारी लेन हे आपल्या नशिबीच आलं. गणपतीआधी हमरापूर-जोह्याकडून मूर्तींचे टेम्पो सावकाश निघतात, त्यांत चाकरमान्यांच्या गाड्यांची भर. पुढचा एकदम ब्रेक मारतो, मागचा आदळतो, आणि मागचा ओरडतो की याने अचानक ब्रेक का मारला. हे सहसा चालत नाही. निशान सिंह विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात, २७ एप्रिल २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच तक्रार होती. ट्रकने एकदम ब्रेक मारला म्हणून मारुती गाडी मागून आदळली. दोघांमध्ये अंतर होतं जेमतेम दहा-पंधरा फूट. न्यायालय म्हणालं, पुढचा थांबला तर धडक बसणार नाही एवढं अंतर ठेवणं हे मागच्याचं काम आहे. म्हणून टेम्पोच्या मागे असशील तेव्हा अंतर राख, हॉर्न वाजवणारे वाजवू देत.

पोलिसांकडे जायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत असं म्हणालीस. तुझे सासरे म्हणतात, नसती कटकट कशाला. त्यांचा मान राखून सांगते, जायलाच हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे, कुणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर चालकाने जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवायचं असतं. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं. पॉलिसी नंबर, तारीख, वेळ, जागा, गाडी कोण चालवत होतं, एवढं. कळवलं म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही. उलट, समोरचा आधी गेला आणि त्याचीच बाजू डायरीत चढली, तर मग तुला मागून धावावं लागतं. नागोठणे आणि रोहा, दोन्ही ठाणी त्या रस्त्याला जवळ आहेत. हद्द कुणाची ते ठाण्यातच सांगतील, पण जे जवळ पडेल तिथे आजच जा. नोंद झाली की स्टेशन डायरीचा नंबर आणि तारीख लिहून घे. जबाब घेतला तर सही करण्याआधी शब्दन् शब्द वाच. 'गाडीवरचा ताबा सुटला' असं वाक्य लिहिणाऱ्याच्या हातून सवयीने पडतं. तुझा ताबा सुटला नव्हता, तर ते दुरुस्त करून घे आणि मगच सही कर. ठाण्यात एकटीने जाऊन बसायला संकोच वाटत असेल तर मी येते.

प्रकरण वाढलं आणि गुन्हा नोंदला, तर गाडीची तपासणी मोटार वाहन निरीक्षक करतात, आपल्या एमएच-०६ चं कार्यालय पेणलाच आहे. ब्रेक, स्टिअरिंग नीट होतं की नाही हे त्या अहवालात येतं, आणि वादात ते उपयोगी पडतं. तपासणीसाठी नेलेली गाडी विनाकारण अडकवून ठेवायची नसते, २४ तासांत परत द्यावी असं कायदाच सांगतो.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगते. तुमच्या ओळखीच्या कुणी तरी सुचवलं ना, की गाडी जावईबापूंच्या नावावर आहे तर फॉर्मवर चालकही तेच दाखवा, क्लेम लवकर होईल? अजिबात करू नकोस. मालकाच्या परवानगीने, चालू लायसन्सवर गाडी चालवणाऱ्या कुणालाही पॉलिसी संरक्षण देते. तुझं नाव असण्यात काहीही कमी नाही. खोटं नाव लागलं, तर जो क्लेम सरळ मिळणार होता तो खोट्या माहितीवरून नाकारला जाईल, आणि फोटोत, पोलीस डायरीत, त्या वीस माणसांच्या आठवणीत तूच आहेस. फॉर्म तू स्वतः भर. गॅरेजवाला 'सही करा, बाकी आम्ही बघतो' म्हणेल, पण अपघाताची हकिगत तुझ्या शब्दांत आणि पोलिसांना सांगितलीस तीच असायला हवी. दोन ठिकाणी दोन हकिगती आल्या की नुकसान बघायला येणाऱ्या सर्व्हेअरच्या मनात शंका येते, आणि ती नंतर काढणं फार कठीण.

सर्व्हेअर गाडी बघेपर्यंत काहीही खोलू देऊ नकोस, फेंडरसुद्धा ठोकून सरळ करू नकोस. नुकसान ५० हजारांच्या वर गेलं तर परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. लहान रक्कम कंपन्या फोटो-व्हिडिओवरही बघतात. तुमच्या कंपनीचं कॅशलेस गॅरेज जवळ कुठे आहे ते आधी विचार, नसेल तर बिल भरून नंतर पैसे घ्यायचे. बिल पूर्ण मिळेल या आशेवर मात्र राहू नकोस. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे हजार रुपये आपण सोसायचे असतात. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कवच, घेतलेलं नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी रक्कम कापतात, म्हणजे बंपरची निम्मी किंमत तुझी. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कपात, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के. काचेवर कपात नाही. हे आधी माहीत असलं की आकडा बघून कंपनीने फसवलं असं वाटत नाही, आणि खरंच जास्त कापलं तर तेही कळतं. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागून घे.

क्लेम करायचा की नाही, हा हिशेब खरा तुमच्या घरचा आहे, आणि त्यात मला थोडं बोलायचंय. नो क्लेम बोनस हा क्लेम न केल्याचा बोनस आहे, चूक न केल्याचा नाही. चूक शंभर टक्के समोरच्याची असली तरी तुझ्या पॉलिसीवर क्लेम घेतलास की तो जातो, बोनस सांभाळणारं जादा कवच घेतलेलं नसेल तर. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० अशी शिडी असते, आणि क्लेम झाला की सापशिडीतल्यासारखं खाली शून्यावर. समज, स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता ८ हजार आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, म्हणजे ४ हजार भरता. क्लेम केला तर पुढच्या वर्षी पूर्ण ८ हजार, मग ६,४००, ६,०००, ५,२००, ४,४००. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तर पाच वर्षांत १० हजार जास्त जातात. गाडी जुनी होते तसा हा आकडा थोडा उतरतो. तेव्हा दुरुस्ती सात-आठ हजारांची असेल आणि त्यातून कपात होऊन पाच हजार हातात येणार असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की खिशातून कर आणि बोनस राख. तुझ्या गाडीचा दिवा, फेंडर, आरसा आणि दाराचा रंग बघता बिल याच्या बरंच वर जाईल असं मला वाटतं. एस्टिमेट हातात आलं की हाच हिशेब मांड. क्लेम करायचा नाही असं ठरलं, तरी अपघात कंपनीला आजच कळवून ठेव. समोरचा महिनाभराने दावा घेऊन आला तर 'आम्हाला सांगितलंच नाही' असं म्हणायला जागा राहू नये.

आणि समोरच्याने खरंच दावा केला तर? घाबरायचं नाही. त्याच्या गाडीच्या नुकसानीसाठी आपल्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत थर्ड पार्टी संरक्षण असतं, तो अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे येतो आणि चूक तुझी हे त्याला सिद्ध करावं लागतं. नोटीस आली की त्याच दिवशी कंपनीला पाठव. वकील कंपनी देते. नोटीस कपाटात ठेवून देणं ही सगळ्यात महाग पडणारी गोष्ट आहे. न्यायाधिकरण दोघांचीही थोडी थोडी चूक ठरवू शकतं, आणि तेवढ्या हिश्श्याने भरपाई कमी होते. हे बऱ्याच वेळा होतं, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

त्याच्या गाडीत मागे बसलेल्या आजींना मानेत लचक आली असं तो म्हणत होता. हे मात्र हलक्यात घेऊ नकोस. त्यांची विचारपूस कर, माणुसकी म्हणून कर. विचारपूस म्हणजे कबुली नव्हे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना पहिल्या सात दिवसांत दीड लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे, हेही त्यांना सांग. त्यांना खरंच इजा असेल तर कंपनीला तसं लेखी कळव, आणि मग मिटवामिटवीची भाषा कुणाकडूनच ऐकून घेऊ नकोस. इजेचा दावा वेगळ्या वाटेने जातो आणि तो तसाच जायला हवा, त्यांच्याही भल्यासाठी.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा विनाकारण रक्कम कापली, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. रायगडसाठी ते कार्यालय ठाण्याला आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील नाही, आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं. तिथे तुझं आणि तुझ्या कंपनीचं भांडण चालतं, समोरच्याशी असलेलं नाही. अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगही आहे, दोन वर्षांची मुदत असते, पण मी आधी लोकपालाकडे जा म्हणेन. खर्च नाही आणि भाषा साधी चालते.

आजचं काम एवढंच. कंपनीला फोन करून क्लेम नंबर घे आणि तोच मजकूर ईमेलने पाठव. आरसी, लायसन्स, पॉलिसी यांच्या प्रती एका पिशवीत घाल. एमपरिवहनवर त्याच्या गाडीचा नंबर टाकून विम्याची मुदत बघ आणि स्क्रीनचा फोटो ठेव. मग पोलीस ठाणं. सर्व्हेअरचा फोन आला की सकाळची वेळ घे आणि मला कळव, म्हणजे पहिल्या एसटीने मी रोह्याला पोचते.